बदललेल्या क्रूझरचा सायलेन्सर : गिऱ्हाइकाची हौस आणि मिस्त्रीची जबाबदारी

दुचाकीच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको की, गाडी घेतल्यावर ती कंपनीने दिली तशीच ठेवणे हल्लीच्या तरुणाला पसंत नसते. एन्फील्डची थंडरबर्ड असो, २०२० सालच्या अखेरीस आलेली मीटिऑर असो की बजाजची अॅव्हेंजर असो. लांब, बसकी, पाय पुढे टाकून आरामात चालवायची ही गाडी. तिला बाजारात क्रूझर म्हणतात. आधी हँडल बदलते, मग सीट खाली जाते, मागचा मडगार्ड कापला जातो, आणि शेवटी गिऱ्हाईक मिस्त्रीसमोर उभे राहून म्हणते, "भाई, आता आवाज पाहिजे."

गॅरेजवाल्याला चार पैसे देणारे हे काम आहे, आणि सर्वांत जास्त अडचणीत आणणारेही हेच. पुणे, नागपूर, मुंबई या शहरांत वाहतूक पोलिसांनी काढून घेतलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिली आहेत. त्या ओळीतला प्रत्येक डबा कुणीतरी विकला होता, कुणीतरी वेल्डिंग करून बसवला होता. गिऱ्हाइकाचे पैसे तर गेलेच, पण ते परत त्याच दुकानात आले असेल असे आम्हाला वाटत नाही. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे. आमच्या वाचकांत नाना पेठेतील सुट्या भागांचे व्यापारी आहेत, कुर्ल्याचे गॅरेजवाले आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाइप वाकवणारे कारीगर आहेत. सायलेन्सर कोणता निवडावा हा प्रश्न गिऱ्हाइकापेक्षा त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

कायदा काय म्हणतो

कायद्याची गोष्ट आधी आटोपून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. आवाज आणि धूर यांच्या मर्यादा मोडणाऱ्या गाडीसाठी कलम १९०(२) आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. चौकात तडजोडीने भरायची चलनाची रक्कम राज्य सरकार ठरवते, ती वेगळी.

एक बारीक गोष्ट मिस्त्री लोकांनी लक्षात घ्यावी. १९०(२) मध्ये केवळ मालकाचे नाव नाही. सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी जो चालवतो आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, ते सगळे त्यात येतात. डबा बसवून झाल्यावर ट्रायल घ्यायला म्हणून आपण पोऱ्याला चौकापर्यंत पाठवतो, तोही त्यात आला आणि पाठवणारे आपणही आलो.

आवाजाची मर्यादा किती? १७५ सीसीवरील दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबल. ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७. पण हा आकडा गाडी वेगाने पुढून जात असताना साडेसात मीटर अंतरावर माइक ठेवून घेतात. उभ्या गाडीची चाचणी वेगळी असते, तिच्यात माइक पाइपाच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर असतो. अंतर पंधरापट कमी झाले की केवळ त्या हिशेबाने २० डेसिबलहून जास्त फरक पडतो. तेव्हा पाइपाजवळ मोबाईल धरून "बघा, पंच्याण्णव दाखवतोय, गाडी बेकायदा" किंवा दूर उभे राहून "बघा, अठ्ठ्याहत्तरच आहे" असे जे दुकानांत चालते, त्याला काही अर्थ नाही. मोबाईलचा उपयोग एकाच कामापुरता आहे. कंपनीचा डबा आणि नवा डबा, तेच अंतर, तेच फेरे, तीच जागा, असे दोन आकडे घेऊन तुलना करावी. नवा डबा तीन डेसिबल जास्त निघाला तर आवाजाची शक्ती दुप्पट झाली असे समजावे. दहा जास्त निघाला तर कानाला तो दुप्पट मोठा वाटेल, आणि चौकातल्या हवालदाराच्या कानालाही.

इंजीन कोणते आहे ते पाहा

आमच्या मते सायलेन्सर निवडण्यातली सर्वांत मोठी चूक इथे होते. गिऱ्हाईक आवाजाने निवडते, दुकानदार फायद्याने निवडतो, आणि ज्याला तो डबा वाहायचा आहे त्या इंजिनाला कुणी विचारत नाही.

थंडरबर्ड ३५० घ्या. ३४६ सीसी, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. बोअरपेक्षा स्ट्रोक लांब. असे इंजीन खालच्या फेऱ्यांवर ओढते. त्याचा टॉर्क मिनिटाला ४००० फेऱ्यांवर सर्वांत जास्त असतो. मीटिऑरचे ३४९ सीसीचे इंजीन नव्या बांधणीचे, पण स्वभाव तोच : बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, टॉर्क २७ न्यूटन मीटर, तोही ४००० फेऱ्यांवर. क्रूझर चालवणारा माणूस दिवसभर अडीच ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे सायलेन्सरने साथ द्यायची ती इथे. सात-आठ हजार फेऱ्यांवर पळणाऱ्या रेसिंगच्या गाडीसाठी बनवलेला मोकळा पाइप या इंजिनाला लावला तर जिथे गाडी चालते तिथला पिकअप पडतो, आणि जिथे वाढतो तिथे ही गाडी जातच नाही.

याचे कारण सांगताना जुने मिस्त्री म्हणतात, "इंजिनाला बॅक प्रेशर लागते." अनुभव खरा आहे, कारण मात्र थोडे निराळे आहे. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तापलेल्या वायूचा दाब पाइपातून बाहेर धावतो. पाइपाच्या उघड्या तोंडाशी पोचल्यावर त्या दाबाची उलटी लाट परत इंजिनाकडे येते, आणि ती ओढ लावणारी असते. ती नेमकी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणी पोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि नवे मिश्रण आत ओढले जाते. पाइप किती लांब आणि किती रुंद, यावर ही लाट कोणत्या फेऱ्यांवर वेळेत पोचेल ते ठरते. बेंड पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला की वायूचा वेग मंदावतो. मोकळा आणि आखूड पाइप केला की ओढीची वेळ वरच्या फेऱ्यांकडे सरकते. इंजिनाला अडथळा हवा असतो असे नाही, त्याला वायूचा वेग आणि लाटेची वेळ हवी असते. म्हणून मूळ बेंड पाइप शक्यतो बदलूच नये. बदलायचाच असेल तर व्हर्नियरने मूळ पाइपाचा आतला व्यास मोजून तेवढाच ठेवावा, आणि लांबीही तीच.

आता ठोक्याबद्दल. बुलेटचा ठोका हवा म्हणून जाळी काढून टाकणारी गिऱ्हाइके खूप. पण हिशेब करून पाहा. चार स्ट्रोकचे एका सिलिंडरचे इंजीन दोन फेऱ्यांत एकदा पेटते. मिनिटाला १००० फेऱ्यांवर सेकंदाला आठ ठोके, कान ते वेगळे ऐकतो. ४००० फेऱ्यांवर तेहतीस ठोके, ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. ठोका मंद चालीतच असतो, आणि तो लांब स्ट्रोक व जड फ्लायव्हील यांच्यामुळे असतो. जाळी काढल्याने मंद चालीत तो थोडा मोठा होतो खरा, पण रस्त्यावर मिळतो तो कर्कश फडफडाट. खोल सूर हवा असेल तर आत कप्पे असलेला मोठ्या आकारमानाचा डबा घ्यावा. त्यात वरचे टोचणारे सूर जिरतात आणि मागे राहणारा आवाज आपोआप भारदस्त वाटतो. गिऱ्हाइकाला दोन्ही ऐकवून दाखवले तर पुष्कळदा ते शहाण्यासारखे निवडते, असा गॅरेजवाल्यांचा अनुभव आहे.

कार्बोरेटर की इंजेक्शन?

एन्फील्डच्या ३५० सीसी गाड्या २०२० च्या सुरुवातीस भारत स्टेज ६ च्या नियमांमुळे कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर आल्या. त्यामुळे आज दारात येणाऱ्या गाड्या दोन जातीच्या आहेत, आणि दोघींना एकच औषध चालत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीला थोडा मोकळा डबा लावला की हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते, मिश्रण पातळ होते. लक्षणे सगळ्यांना माहीत आहेत : ॲक्सिलरेटर सोडला की पाइपात फटाके, प्लग पांढरा, बेंड निळा, गाडी जास्त गरम. अशा वेळी मेन जेट एक नंबर वाढवून, एअर स्क्रू पुन्हा बसवून, दहा-वीस किलोमीटर चालवून प्लग पाहावा. प्लग विटकरी रंगाचा निघेपर्यंत काम संपले असे समजू नये. मात्र फटाके आले की लगेच जेटकडे हात नेऊ नये. आधी बेंड जिथे हेडला बसतो तिथली गॅसकिट पाहावी. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली तरीही तसेच फटाके येतात. आठ आण्यांच्या गॅसकिटसाठी कार्बोरेटर चार वेळा उघडणारे मिस्त्री कमी नाहीत.

इंजेक्शनच्या गाडीत पाइपावर ऑक्सिजन सेन्सर असतो. तो धूर पाहून कॉम्प्युटरला पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो. "सेन्सर सगळे सांभाळून घेतो" असे सांगून माल विकणे मात्र बरोबर नाही. ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेतच होते, आणि मुख्यतः सारख्या चालीत होते. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला की कॉम्प्युटर आपल्या पोटातल्या ठरलेल्या आकड्यांवर चालतो. त्यामुळे इंजेक्शनच्या गाडीला मूळ डब्याइतकाच मोकळेपणा असलेला डबा द्यावा. सेन्सरची जागा हलवू नये, त्याची वायर वाढवून तो मागे नेऊ नये, आणि सेन्सरच्या आधी पाइपाला कुठेही गळती राहू देऊ नये. गळतीतून हवा आत गेली तर सेन्सरला मिश्रण पातळ आहे असे वाटते आणि तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. गाडी एव्हरेज देत नाही म्हणून गिऱ्हाईक परत येते, आणि कारण मिळत नाही.

याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा लेप असलेली ती जाळी विषारी धुराचे निरुपद्रवी वायू करते. डबा बदलण्यापूर्वी ती कुठे आहे ते पाहावे. बेंडमध्ये किंवा डब्याच्या आधीच्या भागात असेल तर मागचा डबा बदलूनही ती जागेवर राहते. पूर्ण पाइपच बदलणारा माल घेतला तर ती निघून जाते, आणि पीयूसीच्या वेळी गाडी अडकते. काढलेल्या कन्व्हर्टरला भंगारवाले बरे पैसे देतात. त्या पैशासाठी गिऱ्हाइकाची गाडी बिघडवणारे काही जण या धंद्यात आहेत, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही.

बाजारातली नावे

दिल्लीच्या करोलबागेतून येणाऱ्या मालात नावे भरपूर : लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन, डॉल्फिन, वाइल्ड बोअर, पंजाब, इंदोरी. ही नावे आकाराची किंवा आवाजाची आहेत, दर्जाची नाहीत. एकाच नावाचा डबा दहा कारखान्यांतून येतो आणि प्रत्येकात आतले काम निराळे असते. म्हणून डबा हातात घेऊन तोंडातून टॉर्च मारावी. आरपार सरळ उजेड दिसला आणि भोवती काचेची लोकर नसली, तर तो सायलेन्सर नाही, नुसता पाइप आहे. तो क्रूझरला देऊ नये, कुणालाच देऊ नये.

काचेची लोकर भरलेल्या डब्यात छिद्रांची नळी असते आणि आवाज लोकरीत जिरतो. हा प्रकार सुरुवातीला छान वाटतो, पण लोकर हळूहळू जळते, उडून जाते, आणि वर्षभरात सौम्य डबा ओरडू लागतो. म्हणून असा डबा घ्यायचा तर मागचे झाकण स्क्रूने किंवा रिव्हेटने उघडणारा घ्यावा, वेल्ड करून बंद केलेला नको. लोकर बदलून देणे हे वर्षाकाठी येणारे नियमित काम आहे, कारागिराने ते आपले समजावे. बदलताना हातमोजे आणि तोंडाला फडके विसरू नये, ती लोकर कातडीत आणि छातीत जाते. कप्प्यांच्या डब्याला हा त्रास नाही, पण तो वजनाला जड असतो.

युरोपातल्या नामांकित कंपन्यांची नावे कोरलेले स्वस्त डबेही येतात. त्यांवर वर्तुळातले इंग्रजी ई अक्षर आणि आकडा असतो. ही खूण युरोपच्या नियमांची आहे, तीही खरी असेल तर. आपल्या रस्त्यावरचा परवाना ती नाही. आपल्याकडे गाड्यांच्या आवाजाची मान्यतेची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्था करतात. डबा बनवणारा "टेस्ट झालेला माल" म्हणत असेल तर कोणत्या मॉडेलवर आणि कोणत्या संस्थेत, तो कागद मागावा. एन्फील्ड कंपनीही नियमांत बसणारे निरनिराळ्या रूपांचे सायलेन्सर ॲक्सेसरी म्हणून विकत आली आहे. रूप बदलायचे आणि भांडण नको अशा गिऱ्हाइकाला तिकडे पाठवावे. फिटिंगची मजुरी आपल्याला मिळतेच.

धातू आणि जोड

साध्या पत्र्यावर क्रोम चढवलेला डबा दिसायला सर्वांत देखणा, पण गंज आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. घर ते दुकान असे दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा डबा पुरता तापतच नाही आणि ते पाणी आत साचते. म्हणून डब्याच्या सर्वांत खालच्या जागी बारीक छिद्र आहे का ते पाहावे. नसेल तर पाडावे. रत्नागिरी, मालवणकडे खारी हवा बाहेरूनही क्रोम खाते, तिथे स्टेनलेसच घ्यावे.

स्टेनलेसमध्ये लोहचुंबकाची परीक्षा सर्रास केली जाते, आणि ती फसवी आहे. ३०४ नंबरला चुंबक धरत नाही, पण हलक्या २०२ लाही धरत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते, उष्णतेत आणि ओलीत ते लवकर डागते. उलट ४०९ नंबरला चुंबक धरतो, आणि तेच धातू वाहन कंपन्या एग्झॉस्टसाठी खूप वापरतात. म्हणून चुंबक चिकटला की माल परत करणे चूक. ३०४ आणि २०२ ओळखण्यासाठी रसायनाचे थेंब मिळतात, बाटली स्वस्त आहे, व्यापाऱ्याने गल्ल्यात ठेवावी.

वेल्डिंग करणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्टेनलेसला स्टेनलेस जोडताना ३०८ एल तार, स्टेनलेसला साधा पत्रा जोडताना ३०९ एल. टिग करताना पाइपाच्या आतूनही आरगॉन सोडला नाही तर जोडाच्या आतल्या बाजूला काळी खरबरीत खपली धरते. ती वायूला अडवते, आणि जोड तिथूनच तडकतो.

गाडी बदललेली असते हे विसरू नये

कंपनीच्या गाडीवर नीट बसणारा डबा बदललेल्या गाडीवर बसेलच असे नाही. मागचे शॉकॲब्सॉर्बर आखूड केले असतील तर पाइप स्पीडब्रेकरला घासतो. तेव्हा गाडीवर दोन माणसे बसवून उंची मोजावी. मागचे चाक काढायला धुरा मोकळा राहतो का, ब्रेकचा पायडा पूर्ण दाबला जातो का, मागे बसणाऱ्याचा उजवा पाय कुठे टेकतो, चामड्याची पिशवी लटकवली तर ती डब्यापासून किती दूर राहते, हे हात लावून पाहावे. ब्रेकची होज तापणार असेल तर मध्ये पत्र्याची ढाल द्यावी. एका सिलिंडरचे इंजीन थरथरते, म्हणून मागचा ब्रॅकेट नेहमी रबरी बुशवर घ्यावा. लोखंडाला लोखंड घट्ट आवळले की काही महिन्यांत कान तुटतो आणि डबा रस्त्यावर लोंबतो.

बसवताना क्रम चुकवू नये. हेडवरचे जुने स्टड गंजलेले असतात. आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे, जोर करून तोडू नयेत. नवी गॅसकिट घालावी, सगळे नट हाताने अर्धवट लावावेत. मग आधी हेडकडचे नट, नंतर मधला पट्टा, शेवटी मागचा ब्रॅकेट. उलट केले तर सगळा ताण हेडवर येतो. गाडी सुरू करून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडावे, बुडबुडा दिसला की गळती.

बिलावर डब्याचे नाव, बनवणाऱ्याचे नाव आणि कोणत्या मॉडेलसाठी दिला ते लिहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, पूर्वीचे २८ नाही, हे जुनी बिलबुके वापरणाऱ्यांनी पाहून घ्यावे. काढलेला मूळ डबा गिऱ्हाइकाला कागदात गुंडाळून परत द्यावा, भंगारात ठेवून घेऊ नये. गाडी विकताना किंवा पोलिसांनी नवा डबा काढायला लावल्यास तोच लागतो. आणि गाडी शंभर-दीडशे किलोमीटर चालली की परत आणायला सांगावे. इंजीन थंड असताना हेडचे नट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवी गॅसकिट तापून दबते आणि पहिली गळती तिथेच सुरू होते. या आवळण्याचे पैसे घेऊ नयेत.